उंट मोठा की घोडा?

जुलै २०२५मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखनं बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत तिच्यासमोर होती आपलीच कोनेरू हंपी. दिव्या तेव्हा अवघी १९ वर्षांची होती. अशी बातमी आली की मुलांना माळ्यावरच्या पटाची आठवण होते. पट मांडला जातो आणि पाठोपाठ प्रश्न येतो, ‘‘आई, उंट मोठा की घोडा?’’ आपल्यापैकी बऱ्याच जणींचं उत्तर ठरलेलं, ‘‘मला नाही बाई त्यातलं कळत, बाबांना विचार.’’

मैत्रिणींनो, न कळण्यासारखं यात काहीच नाही. आणि आईच असं म्हणाली, तर शेजारी बसलेली लेक त्यातून काय शिकते हे वेगळं सांगायला हवं का? आपल्या राज्याला तर या खेळात बायकांची मोठी परंपरा आहे. १९७४ साली देशातली पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. त्यांची बहीण रोहिणी १९८१मध्ये आशियाई महिला विजेती झाली. तेव्हा त्या प्रश्नाचं उत्तर आज आपणच देऊ या.

बाजारभाव आणि घर

बाजारात जिन्नसाला भाव असतो, तसा पटावरच्या मोहऱ्यांनाही असतो. प्याद्याला १ गुण, घोड्याला ३, उंटालाही ३, हत्तीला ५ आणि वजिराला ९. राजाला भावच नाही, कारण तो गेला की डावच संपला. हा तक्ता मारामारीच्या वेळी उपयोगी पडतो. आपला हत्ती देऊन समोरच्याचा घोडा घेतला, तर झाला दोन गुणांचा तोटा.

पण भाव म्हणजे सगळं नव्हे. पटावरच्या चौकोनाला आपण ‘घर’ म्हणतो, आणि मोहऱ्याची खरी ताकद ठरते ती त्याला कुठलं घर मिळालंय यावर. (हे आपल्याला कुणी नव्यानं सांगायला नको!) घोडा पटाच्या मध्यावर असला, तर तिथून ८ घरांवर उडी मारू शकतो. तोच कोपऱ्यात बसवला, तर फक्त २ घरांवर! रिकाम्या पटावर उंटाला मध्यावरून १३ घरं मिळतात, कोपऱ्यातून ७. वजिराला मध्यावरून २७, कोपऱ्यातून २१. हत्ती मात्र रिकाम्या पटावर कुठेही ठेवा, त्याची १४ घरं कायम. पण डावाच्या सुरुवातीला तोच हत्ती स्वतःच्या प्याद्यांमागे कोंडलेला असतो. उभी पट्टी मोकळी होईपर्यंत पाच गुणांचा हा गडी नुसता बसून.

मग उंट की घोडा?

दोघांचा भाव सारखा, स्वभाव अगदी वेगळा. उंट तिरका धावतो, एका दमात पटाच्या या टोकाहून त्या टोकाला जातो. पण काळ्या घरातला उंट जन्मभर काळ्याच घरात राहतो. अर्धा पट त्याला कायमचा बंद. घोड्याची चाल अडीच घरांची, म्हणून तो संथ. पण तो दर खेळीला रंग बदलतो आणि मधल्या गर्दीवरून उडी मारतो. म्हणून प्याद्यांची दाटी असेल, तर घोडा भारी. पट मोकळा झाला, की उंट भारी.

आणखी एक गंमत म्हणजे जोडीची. दोन उंट मिळून दोन्ही रंगांची घरं सांभाळतात आणि आपल्या राजाच्या मदतीनं एकट्या राजावर मात करू शकतात. दोन घोडे मात्र समोरच्यानं चूक केल्याशिवाय ती मात करू शकत नाहीत. म्हणूनच जाणकार खेळाडू उंटांची जोडी सहजासहजी फोडत नाहीत.

बलवानाची अडचण

वजीर आज सर्वांत बलवान. पण पूर्वी तो एका खेळीत एकच घर तिरका सरकायचा, म्हणजे अगदीच दुबळा. हा खेळ युरोपात गेला तेव्हा तिथे वजिराची राणी झाली. पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिला आजची लांब पल्ल्याची चाल मिळाली. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियात १४७५च्या सुमारास लिहिलेल्या एका कवितेत या नव्या चालीचा डाव आहे. तिथल्या कॅस्टीलमध्ये १४७४पासून इझाबेला राणी राज्य करत होती. तिच्यामुळेच पटावरच्या राणीला बळ आलं, असं काही अभ्यासक मानतात. मात्र त्याला थेट पुरावा नाही.

एवढ्या बलवान वजिरालाही एक अडचण आहेच. एक गुणाचं प्यादं अंगावर आलं, तरी त्याला पळावं लागतं, कारण गमावण्यासारखं त्याच्याकडेच जास्त! नवशिकी मुलं वजिराला लवकर बाहेर काढतात. मग समोरचा खेळाडू त्याच्यामागे धावत धावत आपले घोडे-उंट चांगल्या घरांत आणून बसवतो.

राजाचंही तसंच, वेळेवेळेची गोष्ट. सुरुवातीला त्याला किल्लेकोट करून आड बसवायचं. पण मोहरे कमी झाले, की त्यालाच कंबर कसून बाहेर पडावं लागतं. तेव्हा त्याची लढण्याची ताकद घोड्या-उंटापेक्षा थोडी जास्तच भरते.

आणि प्यादं? त्याला मागे वळता येत नाही. पण आठव्या ओळीत पोचलं, की त्याचा वजीर होतो, हवं तर हत्ती, उंट किंवा घोडाही करता येतो. सातव्या ओळीतल्या अशा प्याद्याला अडवायला समोरच्याचा आख्खा हत्ती अडकून पडतो. आता सांगा, त्या प्याद्याची किंमत एक गुण म्हणायची का?

हे करून पाहा

दुपारी निवांत वेळ मिळाला, की रिकामा पट मांडा. त्यावर फक्त एक घोडा ठेवा, आधी कोपऱ्यात, मग कडेला, मग मध्यावर. प्रत्येक ठिकाणाहून तो कुठे कुठे जातो ते मोजा. मग तेच उंटाबरोबर करा. नंतर एका बाजूला आठ प्यादी आणि राजा, दुसऱ्या बाजूलाही तेवढंच घेऊन मुलांबरोबर छोटा डाव खेळा. ज्याचं प्यादं आधी आठव्या ओळीत पोचेल, तो जिंकला. पहिले दोन-तीन डाव कदाचित मुलंच जिंकतील. चौथ्या डावाला त्यांना जरा विचार करावा लागेल.