उपचार संपल्यावर येणारा फोन

कर्करोगाचा रुग्ण उपचारांची शेवटची फेरी संपवून घरी परततो, तेव्हा डॉक्टरांचा सल्ला त्याच्या कानात असतो : वजन आटोक्यात ठेवा, रोज चाला, तंबाखू सोडा. सल्ला बिनचूक असतो. पण पुढची तपासणी काही महिन्यांनी आणि सवयीशी झुंज मात्र रोजची. रुग्णालय आणि घर यांच्यातले हे अंतर भरून काढण्याच्या प्रयत्नाला आज टेलिहेल्थ म्हणतात. नाव भारदस्त असले, तरी त्यातले साधन पुष्कळदा साधा फोनच असतो आणि पलीकडे प्रशिक्षित समुपदेशक.

या फोनने काय साधते? २००९ साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात ‘रिन्यू’ नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधील ६४१ जण होते. वय ६५ ते ९१, वजन प्रमाणापेक्षा जास्त आणि स्तन, मोठे आतडे किंवा प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगाला पाच वर्षे उलटलेली. निम्म्यांना वर्षभर फोन आले : आधी दर आठवड्याला, मग पंधरवड्याने, पुढे महिन्यातून एकदा. टपालाने पुस्तिका, पावले मोजण्याचे यंत्र आणि व्यायामाचे रबरी पट्टे मिळाले. रोज अर्धा तास चालण्यासारखा व्यायाम, दिवसाआड पाव तास ताकदीचा व्यायाम, ताटात अधिक भाज्या-फळे, असे सांगणे होते. उरलेल्यांना हा कार्यक्रम वर्षभराने मिळाला.

शारीरिक क्षमतेच्या शंभर गुणांच्या मापावर फोन आलेल्यांची घसरण सरासरी २.१५ गुणांची झाली, इतरांची ४.८४. वजन अनुक्रमे २.०६ आणि ०.९२ किलोने उतरले. वय कोणाचेच थांबले नाही. उतार मात्र सौम्य झाला. आपला जिना आपण चढता येणे, ही त्या वयात लहान गोष्ट नव्हे.

व्यसनाची गाठ अधिक घट्ट. अमेरिकेतच नुकतेच निदान झालेल्या, धूम्रपान करणाऱ्या ३०३ रुग्णांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. एका गटाला सुरुवातीचे चार फोन आणि औषधांविषयी सल्ला मिळाला. दुसऱ्याला त्यापुढेही काही महिने फोन आणि मोफत औषधे. सहा महिन्यांनी पहिल्या गटातील २१.५ टक्के, तर दुसऱ्यातील ३४.५ टक्के लोक धूम्रपानापासून दूर होते. यात फोनचा वाटा किती आणि औषधांचा किती, हे वेगळे काढता येत नाही. पण पाठपुरावा लवकर थांबवू नये, एवढे नक्की कळते.

तंबाखू आणि मिश्रीच्या महाराष्ट्राला हे दूरचे नाही. २०१६ साली दिल्लीत राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन सुरू झाली. पुढे मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरमध्येही तिचे केंद्र आले. १८००-११-२३५६ हा तिचा क्रमांक २०१८पासून तंबाखूच्या पाकिटावरच छापला जातो. मात्र तिथे पहिला फोन रुग्णाने करायचा असतो.

फोनला मर्यादाही आहेत. मानेतली गाठ त्यावरून चाचपता येत नाही. रोग हाडांत पसरला असेल किंवा हाताला सूज असेल, तर व्यायाम डॉक्टरांना विचारूनच ठरवावा लागतो. आणि घरातला एकुलता मोबाइल मुलाच्या खिशात असेल, तर मिश्री लावणारी आई मोकळेपणाने बोलणार कशी?

केमोथेरपीची पुढची तारीख रुग्णाच्या कार्डावर लिहून दिली जाते. समुपदेशकाच्या फोनची तारीखही त्याच कार्डावर आली, तर तो उपकार न राहता उपचाराचाच भाग होईल.