तप्त धातूची यंत्रे आणि सीमाशुल्काचा आठ अंकी क्रमांक

काशीयात्रेहून परतणाऱ्या मराठी माणसाच्या सामानात गंगाजलाचा सीलबंद गडू असतोच. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेला वाराणसीचा ठठेरी बाजार त्यामुळे आपल्या अनेक वाचकांच्या परिचयाचा असेल. त्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला मात्र धातूचे निराळेच विश्व आहे. १९५६ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते कोनशिला बसविलेला आणि जानेवारी १९६४ मध्ये पहिले इंजिन बाहेर काढणारा रेल्वेचा डिझेल इंजिन कारखाना २०२० पासून ‘बनारस रेल इंजिन कारखाना’ या नावाने ओळखला जातो. टांझानिया, श्रीलंका, बांगलादेश, मोझांबिक अशा देशांना येथून इंजिने गेली आहेत. अशा मोठ्या कारखान्याच्या आसपास सुटे भाग पुरविणारे लहान उद्योजक असतात, आणि त्यांच्यापैकी कोणी परदेशातून फोर्जिंगचा प्रेस आणावयाचे ठरविले की तो मुदत कर्ज आणि पतपत्र या दोन्हींसाठी बँकेच्या दारात येतो.

अशा उद्योजकाला बँकेत विचारला जाणारा एक साधा प्रश्न पुष्कळदा गोंधळात टाकतो : यंत्राचा वर्गीकरण क्रमांक कोणता? पुरवठादाराच्या बिलावर छापला असेल तोच, असे उत्तर सहसा मिळते. या उत्तरावर विसंबून राहणे महागात पडू शकते.

जगभरच्या मालाला क्रमांक देणारी ‘सुसंवादी प्रणाली’ ब्रुसेल्स येथील जागतिक सीमाशुल्क संघटनेने तयार केली असून ती १९८८ पासून अमलात आहे. तिचे पहिले सहा अंक सर्व सदस्य देशांत समान असतात; भारतात त्यांपुढे आणखी दोन अंक जोडून आठ अंकी क्रमांक होतो. पहिले दोन अंक प्रकरणाचे, पहिले चार शीर्षकाचे, सहा उपशीर्षकाचे. म्हणजेच परदेशी पुरवठादाराचा आठ वा दहा अंकी क्रमांक सहाव्या अंकापुढे आपल्या कामाचा नसतो आणि त्याआधीचाही पारखूनच घ्यावा लागतो.

धातू ठोकून वा दाबून घडविणारी यंत्रे ८४६२ या शीर्षकात येतात. पूर्वी फोर्जिंगची सर्व यंत्रे, मग धातू तापवून घडविणारी असोत की थंड अवस्थेत, ८४६२ १० या एकाच उपशीर्षकात बसत. १ जानेवारी २०२२ पासून ही रचना बदलली. तप्त घडाईच्या यंत्रांचे दोन भाग झाले. ज्यात धातू साच्याच्या दोन अर्धांमध्ये पूर्ण कोंडला जातो, ती बंद साच्याची यंत्रे ८४६२ ११ मध्ये. उघड्या साच्याची अन्य यंत्रे व तप्त धातूवर चालणारे यांत्रिक घण ८४६२ १९ मध्ये. थंड धातूवर काम करणारे प्रेस ८४६२ ६१ ते ८४६२ ६९ या गटात गेले आणि तेथे हायड्रॉलिक, यांत्रिक, सर्व्हो असा भेद आला. जुन्या माहितीपत्रकांत ८४६२ १० हाच क्रमांक आढळला तर आश्चर्य वाटू नये; पण तो आता शुल्कसूचीत अस्तित्वात नाही.

‘तप्त’ या शब्दाचा अर्थ येथे नीट समजून घेतला पाहिजे. नक्षीकाम करणारा काशीचा कारागीर पत्रा भट्टीत तापवून मऊ करतो. पण ठोके घालतो ते तो निवल्यावर. आगीचा संबंध आला तरी ही घडाई थंडच. याउलट पोलादाचा गोळा साधारण ११०० ते १२५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून लालभडक असतानाच दाबला तर ती तप्त घडाई. (कारागिराच्या हातातील हातोडा या प्रकरणात येतच नाही. तो ८२०५ मध्ये, हातहत्यारांत.) एखादा प्रेस दोन्ही प्रकारे चालत असेल तर सोळाव्या विभागाच्या तिसऱ्या टिपेनुसार त्याचे मुख्य कार्य कोणते ते पाहावे लागते. म्हणून ‘हेवी ड्यूटी प्रेस’ एवढेच लिहिलेले बिल पुरेसे नसते. धातू कोणत्या तापमानाला घडविला जातो, साचा बंद की उघडा, शक्ती कशाने मिळते, हे सांगणारे तांत्रिक पत्रक हवे.

प्रेसबरोबर येणाऱ्या इतर वस्तूंचे क्रमांक बहुधा निराळे असतात. विजेवर चालणारी भट्टी वा इंडक्शन हीटर ८५१४ मध्ये, तेल वा वायूवरची भट्टी ८४१७ मध्ये, रोलिंग मिल व तिचे रूळ ८४५५ मध्ये, ओतकामाची यंत्रे ८४५४ मध्ये, प्रेसचे सुटे भाग ८४६६ मध्ये आणि फोर्जिंगचे साचे, म्हणजेच डाय, ८२०७ मध्ये. साचे यंत्रात बसत असले तरी ते यंत्राचे भाग मानले जात नाहीत, ही गोष्ट अनुभवी आयातदारही विसरतात. मात्र हीटर, प्रेस आणि माल पुढे सरकविणारी व्यवस्था मिळून एकच निश्चित कार्य करणारी साखळी असेल, तर चौथ्या टिपेचा आधार घेऊन सारा संच ८४६२ मध्ये नेता येऊ शकतो. त्यासाठी करार आणि आराखडा यांतून ती एकसंधता दिसली पाहिजे.

येथे पैशाचा प्रश्न येतो. शुल्काचे दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, ते आयातीच्या दिवशी पाहावेत. परंतु जपान वा कोरियाशी झालेल्या करारांतील सवलत, त्यासाठी लागणारा मूळ देशाचा निकष आणि भांडवली मालाच्या निर्यात प्रोत्साहन योजनेतील (ईपीसीजी) शुल्कमाफी, ही सारी क्रमांकावरच उभी असतात. या योजनेत वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत करावी लागते. परवान्यावर एक यंत्र आणि बंदरावर दुसराच क्रमांक, असे झाले की माल अडकतो, गोदामभाडे चढते आणि शुल्क गृहीत धरून मंजूर झालेले कर्ज अपुरे पडते. लहान उद्योजकाचे खेळते भांडवल अशा वेळी अक्षरशः ऐरणीवर येते.

बँक ही चूक दुरुस्त करू शकत नाही. पतपत्राच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार (यूसीपी ६००) बँका कागदपत्रांचा व्यवहार करतात, मालाचा नव्हे. पतपत्रात एकदा चुकीचा क्रमांक लिहिला गेला की त्यात दुरुस्ती तरी करावी लागते, नाही तर विसंगती स्वीकारावी लागते. बिल ऑफ एंट्रीची माहिती २०१६ पासून संगणक प्रणालीद्वारे थेट बँकांकडे येते, त्यामुळे पाठविलेली रक्कम आणि आलेला माल यांचा मेळही तेथेच तपासला जातो.

निर्यातीच्या बाजूला तर एकाच प्रेसखालून निघालेल्या वस्तू तीन प्रकरणांत विखुरतात. केवळ घडाई केलेली सर्वसाधारण पोलादी वस्तू ७३२६ मध्ये. रेल्वेचा आस ८६०७ मध्ये. इंजिनाचा क्रँकशाफ्ट मात्र रेल्वेसाठी असूनही ८४८३ मध्ये, कारण तो मोटर-इंजिनाचा अंगभूत भाग ठरतो. अपूर्ण घडाईला जर तयार वस्तूचा आकार आला असेल आणि तिचा दुसरा उपयोग संभवत नसेल, तर ती तयार वस्तूच्याच क्रमांकात जाते.

२०११ पासून शुल्काची स्वयं-आकारणी आयातदारानेच करावयाची असते. चूक निघाल्यास दोन वर्षांपर्यंत, आणि माहिती दडविली असल्यास पाच वर्षांपर्यंत मागणीची नोटीस येऊ शकते. ज्यांना खरोखर शंका आहे त्यांच्यासाठी दिल्ली व मुंबई येथे सीमाशुल्क आगाऊ निर्णय प्राधिकरण आहे. अर्जावर तीन महिन्यांत निर्णय देण्याची कायद्यात तरतूद आहे. हा अर्ज माल मागविण्यापूर्वी करता येतो. जुना घण किंवा वापरलेला प्रेस आणावयाचा असेल तर त्याच्या मूल्यांकनासाठी चार्टर्ड इंजिनिअरचे प्रमाणपत्रही लागते. ते परदेशातील तपासणीच्या वेळीच घेतलेले बरे, कारण यंत्र जहाजावर चढल्यानंतर त्याच्या नामफलकाचा फोटो मिळवणेही अवघड होऊन बसते.