किण्वविद्या : लेखांक सहावा — गव्हाची बिअर

गेल्या लेखांकात जव भिजवून, त्यास मोड आणून व ते वाळवून माल्ट कसे तयार करतात हे आपण पाहिले. आज त्या माल्टाचा आयता अर्क घेऊन जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर घरगुती प्रमाणावर कशी सिद्ध होते, आणि कोलकात्याच्या सॉल्ट लेकसारख्या दमट वस्तीत, जेथे प्रस्तुत लेखकाचे वास्तव्य आहे, तिच्या मार्गात कोणता अडथळा येतो, याचा विचार करावयाचा आहे. विषयाचे मर्म प्रथमच सांगून टाकतो: या पेयाच्या कीर्तीचे श्रेय गव्हाकडे थोडे आणि यीस्टकडे पुष्कळ जाते, आणि म्हणूनच अर्कावर काम करणाऱ्या माणसाचे सारे कौशल्य उष्णमानाच्या नियमनात पणाला लागते.

या बिअरीचा पूर्वेतिहास आपल्याकडील वतनांच्या व मक्त्यांच्या इतिहासाची आठवण करून देणारा आहे. २३ एप्रिल १५१६ रोजी बव्हेरियाच्या ड्यूकांनी इंगोलश्टाट येथे जो हुकूमनामा जारी केला, त्यात बिअरीसाठी जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज अन्य काही वापरू नये असा निर्बंध होता. गहू भाकरीसाठी राखला जावा हा त्यामागील एक हेतू. तथापि राजसत्तेने स्वतःच घातलेल्या मनाईला स्वतःच अपवाद केला आणि डेगेनबर्ग नामक सरदार घराण्याकडे गव्हाच्या बिअरीचा अनन्य हक्क राहू दिला. १६०२ साली ते घराणे निर्वंश झाले तेव्हा ड्यूक माक्सिमिलियन याने तो हक्क खालसा केला, दुसऱ्या कोणास त्याची सनद दिली नाही, आणि गव्हाची बिअर ही सरकारी महसुलाची एक भक्कम बाब होऊन बसली. पुढे लोकांची आवड पालटून तिचा खप उतरला, तेव्हा म्युनिकच्या गेओर्ग श्नायडर याने प्रथम दरबारी भट्टी मक्त्याने चालविली आणि १८७२ मध्ये ही बिअर करण्याचा हक्क मिळवून स्वतःचा कारखाना काढला. तो कारखाना त्याचे वंशज आजही चालवितात.

आता अर्काकडे वळू. दळलेले माल्ट गरम पाण्यात ठेवून त्यातील पिष्टाची शर्करा करणे हे बिअरीच्या कामातील सर्वांत कष्टाचे प्रकरण. अर्क वापरणाराची त्यातून सुटका होते, कारण ती क्रिया कारखान्यात उरकून, द्रव आटवून, काकवीसारखा घट्ट पाक अथवा त्याची भुकटी डब्यात भरलेली असते. बंगाली कुटुंबांना ही वस्तू वाटते तितकी परकी नाही. कित्येक घरांत जी हॉर्लिक्सची बरणी पिढ्यान्‌पिढ्या असते, तिच्यातील पदार्थही मुळात माल्ट केलेले जव, गहू आणि दूध यांचाच आहे. सॉल्ट लेकमध्ये भुकटीपेक्षा पाक पत्करावा असे माझे मत आहे. कारण भुकटी हवेतील ओल इतक्या वेगाने शोषते की आषाढात उघडा राहिलेला डबा दुसऱ्या दिवशी दगड होतो.

वीस लिटर बिअरीस गव्हाच्या माल्टाचा सुमारे तीन किलो पाक लागतो. त्यात निम्म्याहून अधिक अंश गव्हाचा व उरलेला जवाचा असतो. पाणी उकळू लागले की भांडे आचेवरून बाजूस घेऊन मगच पाक ओतावा व तळ ढवळीत राहावे, नाहीतर तो बुडाशी करपतो आणि करपट चव शेवटपर्यंत जात नाही. पुन्हा उकळी येताना फेस झपाट्याने कडांपर्यंत चढतो. तेथे क्षणभरही पाठ फिरविता येत नाही. फेस खाली बसला की हालर्टाउ जातीच्या हॉप्सचे वीस ते पंचवीस ग्रॅम घालून तासभर उकळावे. कडवटपणा येथे केवळ गोडी तोलण्यापुरता हवा. पाण्याविषयी फार चिंता नको: माल्टातील क्षार अर्कात आधीच उतरलेले असल्यामुळे कूपनलिकेच्या जड पाण्याऐवजी गाळणयंत्राचे मृदू पाणीच बरे. यानंतर द्रव त्वरेने निववून, निर्जंतुक केलेल्या झाकणबंद पात्रात ओतून, त्यात यीस्ट सोडावयाचे.

येथून पुढे खरी विद्या सुरू होते. बव्हेरियन गव्हाच्या बिअरीचे यीस्ट धान्याच्या आवरणातील फेरुलिक आम्लाचे रूपांतर अशा एका द्रव्यात करते की ज्याचा गंध हुबेहूब लवंगेचा. आणि त्याच वेळी ते आयसोॲमिल ॲसिटेट निर्माण करते, ज्यामुळे पिकल्या केळ्याचा दरवळ येतो. लवंग नाही आणि केळेही नाही, अशा त्या पेल्यात हे दोन्ही कोठून आले याचे नवख्याला नवल वाटते. उष्णमान सतरा-अठरा अंश सेल्सिअसच्या आसपास राहिल्यास लवंग पुढे येते, बावीसच्या सुमारास केळे वरचढ होते, आणि त्याहून फार वर गेल्यास जड अल्कोहोलांमुळे रंगाच्या पातळकासारखा उग्र दर्प येतो, ज्यावर मागाहून काहीही इलाज चालत नाही. यीस्ट काम करताना स्वतःही उष्णता निर्माण करीत असल्याने पात्राच्या आतले मान खोलीपेक्षा काही अंश अधिकच असते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही.

दख्खनच्या पठारावर यावर एक सोपा उपाय आहे. माठाला जसे ओले फडके गुंडाळतात तसे पात्राला गुंडाळले की कोरड्या हवेत बाष्पीभवन होऊन ते गार राहते. सॉल्ट लेकमध्ये ही युक्ती बहुतेक वर्षभर फसते. डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या कारकिर्दीत हुगळीचा गाळ खाऱ्या दलदलीवर नळांवाटे आणून टाकून ही वसाहत उभारण्याचे काम सुरू झाले. तिच्या लगत पूर्वेला आजही पाणथळ प्रदेश पसरलेला आहे, आणि चैत्रापासून आश्विनापर्यंत हवा बाष्पाने इतकी भरलेली असते की फडके ओलेच राहते व पात्र तापलेलेच. बर्फाच्या बाटल्या पाण्याच्या टबात सोडून त्यात पात्र ठेवणे हा एक मार्ग, शीतकपाट हा दुसरा. परंतु पौष-माघात, रात्रीचे मान चौदा अंशांच्या आसपास उतरते तेव्हा, उत्तरेकडील खोलीत काहीही न करता यीस्टला हवे ते हवामान लाभते, आणि निसर्गाने दिलेली ही सवड दवडू नये.

पंधरा दिवसांच्या आत द्रवाची घनता १.०४५ वरून १.०१२ च्या सुमारास येते. ती सलग तीन दिवस स्थिर आढळल्यावाचून बाटल्या भरणे धोक्याचे आहे, कारण उरलेल्या शर्करेच्या वायूने काच फुटते. भरताना लिटरमागे आठ ग्रॅम साखर पुरे, आणि बाटल्या जाड काचेच्याच घ्याव्यात. पेल्यात ओतताना तळचा गाळ हलवून वर घेतात; तो दोष नसून या बिअरीचा धर्म आहे.

अर्काची उणीवही सांगितली पाहिजे. फेरुलिक आम्ल अधिक मोकळे व्हावे म्हणून जाणकार माल्ट प्रथम पंचेचाळीस अंशांवर काही काळ मुरवितात. अर्कवाल्याच्या हाती ती किल्ली नसते, आणि त्याच्या बिअरीत लवंग थोडी फिकी पडते. हा फरक ज्यांना पडताळावयाचा असेल त्यांनी माल्टापासून केलेली गव्हाची बिअर चाखावी; २००९ मध्ये पुण्यात निघालेल्या ‘डूलाली’ने ती महाराष्ट्राच्या परिचयाची केली.

शेवटी कायद्याची बाब. १९०९ च्या बंगाल अबकारी कायद्याप्रमाणे परवान्यावाचून बिअर तयार करणे हा गुन्हा आहे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा तेच सांगतो. परवाना नसता हे भांडे कोणीही चुलीवर चढवू नये, आणि वरील विवेचन ज्ञानासाठी आहे असे समजावे. तथापि ब्रिटनने १९६३ मध्ये घरगुती बिअरीवरील परवान्याची अट काढली आणि अमेरिकेच्या संघराज्याने १९७८ मध्ये तिला मोकळीक देणारा कायदा केला. खुद्द बंगालमध्ये इंग्रजी अंमलातही आदिवासींना तांदळाची हंडिया घरच्यापुरती करण्याची सवलत होती. विक्रीला सक्त मनाई ठेवून स्वतःच्या उपभोगापुरत्या अल्प प्रमाणास तशीच सूट देण्याचा विचार दोन्ही राज्यांच्या सरकारांनी करावा, अशी माझी विनंती आहे. पुढील लेखांक त्या हंडियेवर आणि तिच्या बाखरावर, म्हणजे तिला आंबविणाऱ्या किण्वावर, असेल.