गप्प झालेला 'मुस्तफा'

बिघडलेली वस्तू पाहिली की आपण चटकन म्हणतो, 'आतले काहीतरी जळले असेल.' ताडकळस (जि. परभणी) येथील एका शिक्षकमित्रांनी व्हिडिओ गेमचा जुना बोर्ड दाखवला, तेव्हा आम्हीही हेच म्हणालो. गेम होता जपानच्या कॅपकॉम कंपनीचा, १९९३ सालचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स'. गेम पार्लरमधली मुले त्याला त्यातल्या एका पात्रावरून 'मुस्तफा' म्हणत. बोर्ड जोडला की पडद्यावर वेडीवाकडी चित्रे येत आणि लगेच सगळे थांबे.

बोर्डावर एक छोटी लिथियम बॅटरी होती. मित्र म्हणाले, "ही फार जुनी झाली. आधी हीच काढू." आम्ही म्हटले, "थांबा, आधी मोजू या."

पॉवर सप्लायच्या टोकांवर मल्टिमीटरने ५ व्होल्ट दाखवले. बोर्डाच्या कडेला, जिथे तारा जोडतात, तिथे मात्र ४.६! अशा चिप्सना साधारण ४.७५ ते ५.२५ व्होल्ट लागतात. मग ०.४ व्होल्ट गेले कुठे? ओहमचा नियम आठवा. समजा, बोर्ड ४ अँपिअर विद्युतधारा घेतो आणि बारीक तारा व काळवंडलेले सांधे मिळून रोध ०.१ ओहम आहे. ४ × ०.१ = ०.४. हिशेब जुळला. कडेच्या पट्ट्या खोडरबरने हलकेच घासल्या, तारा जाड घातल्या, आणि मुस्तफा धावू लागला.

बॅटरी उपटली असती तर? या बोर्डात आवाज सांभाळणाऱ्या प्रोसेसरसाठीच्या सूचना सांकेतिक रूपात साठवलेल्या असतात. त्या उलगडण्याची किल्ली एका स्मृतीत असते आणि ती स्मृती या बॅटरीवर जगते. वीज क्षणभर तुटली तरी किल्ली पुसली जाते. मग नवी बॅटरी घालूनही उपयोग नाही, कारण नव्या बॅटरीत वीज असते, किल्ली नसते. म्हणून पर्यायी पुरवठा जोडून ठेवूनच ती बदलावी लागते. किल्ली पुन्हा भरण्याची रीत हौशी अभ्यासकांनी पुढे शोधून काढली, पण तो खटाटोप मोठा आहे. चांगला बोर्ड दुरुस्तीच्या घाईनेच मेला असता.

एक सावधगिरी: गेमच्या यंत्रातील जुन्या पद्धतीच्या चित्रनळीला हात लावू नये. यंत्र बंद केल्यावरही तिच्यात हजारो व्होल्ट टिकून राहू शकतात.

वर्गात मात्र हा प्रयोग निर्धास्त करता येतो. दोन सेल, टॉर्चचा बल्ब आणि लांब, बारीक तार घ्या. बल्ब पेटलेला असताना आधी सेलच्या टोकांवर आणि मग बल्बच्या टोकांवर व्होल्टेज मोजा. तारेचे एक टोक गंजवूनही पाहा. बल्ब मंद का झाला? सेल थकले की वाटेत काही अडले? मुलांना आधी अंदाज लिहू द्या आणि मगच मल्टिमीटर हाती द्या.