आठवणीची अडचण आणि परीक्षेतल्या सवलती

कार्यस्मृती : माहिती काही सेकंद मनात धरून तिच्यावर काम करण्याची क्षमता. बेरजेतला हातचा लक्षात ठेवणं हे तिचं काम. पाठ झालेले पाढे दीर्घकालीन स्मृतीत असतात. त्यामुळे पाढे घडाघडा म्हणणारं मूलही शाब्दिक उदाहरणात अडकू शकतं. शेवटच्या ओळीपर्यंत पोचताना पहिलीतला आकडा निसटलेला असतो.

कायद्यात कुठे? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016. अंमल 19 एप्रिल 2017 पासून. दिव्यांगत्वाचे प्रकार 21. 1995 च्या कायद्यात 7 होते. ‘स्मृतिदोष’ असा वेगळा प्रकार यादीत नाही (एडीएचडीही नाही). डिस्लेक्सिया, डिसकॅल्क्युलिया ‘विशिष्ट अध्ययन अक्षमते’त मोडतात आणि कार्यस्मृतीची अडचण अनेकदा त्यांच्या जोडीनेच दिसते.

काय मिळतं?
• कलम 17 : जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट.
• केंद्राच्या 2018 च्या सूचना : तासाला किमान 20 मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. ब्रिटनमध्ये सर्वसाधारणपणे 25 टक्क्यांपर्यंत.
• लेखनिक सांगितलेलं उतरवतो, वाचक प्रश्न वाचून दाखवतो. उत्तर सुचवण्याची मुभा दोघांनाही नाही.

40 टक्क्यांची रेघ : 2018 च्या सूचना 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वासाठी होत्या. लेखनिकासाठी ही अट लावता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये दिला (विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग). ऑगस्ट 2022 मध्ये 40 टक्क्यांखालच्यांसाठी वेगळ्या सूचना आल्या. त्यांचा निकष मात्र लिहिण्यातल्या अडचणीचा होता.