अमेरिकेनं भारताचे आंबे नाकारले, म्हणजे ते खराब होते का?

मे २०२५. ऐन हंगामात भारतातून विमानानं गेलेल्या आंब्याच्या किमान १५ खेपा अमेरिकेनं नाकारल्या. लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा विमानतळांवर माल अडकला. अशी बातमी वाचली की पहिली शंका येते फवारणीची. ‘तिकडे नाकारलेलं आता आपल्याला विकणार,’ हे वाक्य तर ठरलेलंच.

पण हे आंबे कीड सापडली म्हणून किंवा औषधाचे अंश आढळले म्हणून नाकारले गेले नव्हते. घोळ एका कागदाचा होता.

सीमेवर दोन वेगळे प्रश्न विचारले जातात

पहिला प्रश्न खाणाऱ्याबद्दल असतो. फळात कीटकनाशकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त आहेत का? दुसरा प्रश्न बागांबद्दल असतो. या फळासोबत आमच्या देशात नसलेली कीड तर येत नाही ना? बातम्यांमध्ये दोन्हींसाठी ‘माल नाकारला’ एवढंच लिहिलं जातं आणि तिथेच गोंधळ होतो.

आंब्याचं भांडण बहुतेक वेळा दुसऱ्या प्रश्नावरून होतं. अमेरिकेला भीती आहे फळमाशीची आणि आंब्याच्या कोयीत लपणाऱ्या भुंग्याची. हा भुंगा माणसाला काही करत नाही, पण कोयीसोबत नव्या मुलखात पोचला तर तिथल्या बागांना त्रास. याच कारणामुळे अमेरिकेचं दार भारतीय आंब्याला १८ वर्षं बंद होतं. २००७ मध्ये ते उघडलं, पण एका अटीवर: फळाला किमान ४०० ग्रे इतका किरणांचा डोस द्यायचा. पहिले आंबे गेले ते लासलगावहून. तिथे भाभा अणुसंशोधन केंद्राचं कांद्यासाठी उभारलेलं केंद्र होतंच. पुढे नवी मुंबईत वाशीलाही सोय झाली.

(किरण दिले म्हणून आंबा किरणोत्सारी होत नाही. एक्स-रे काढल्यावर माणूस होत नाही, तसंच.)

मग एका कागदाला एवढं महत्त्व का?

गंमत अशी की या डोसनं कीड लगेच मरेलच असं नाही. ती वाढू शकत नाही, तिची पुढची पिढी तयार होत नाही, आणि उद्देश तेवढाच असतो. म्हणजे किरण दिलेल्या आंब्यातही जिवंत अळी सापडू शकते. डोस दिलेला आणि न दिलेला आंबा शेजारी ठेवला, तर बघून, कापून, वास घेऊन फरक कळणार नाही.

मग तिकडच्या अधिकाऱ्यानं विश्वास ठेवायचा कशावर? फक्त नोंदीवर. म्हणून अमेरिकेच्या कृषी खात्याचा निरीक्षक भारतातल्या केंद्रावर प्रत्यक्ष हजर असतो आणि पीपीक्यू २०३ नावाच्या अर्जावर सही करतो. २०२० आणि २०२१ मध्ये कोरोनामुळे हे निरीक्षक येऊ शकले नाहीत, तर निर्यातच थांबली.

मे २०२५ च्या खेपांना ८ आणि ९ मे रोजी नवी मुंबईत किरण दिले होते. अमेरिकेचं म्हणणं, हा अर्ज चुकीच्या पद्धतीनं दिला गेला. निर्यातदारांचं म्हणणं, अर्ज हातात असल्याशिवाय माल विमानात चढलाच नसता. चूक कुणाचीही असो, भुर्दंड मात्र त्यांनाच बसला. पर्याय दोनच होते: आंबे परत आणा किंवा तिथेच नष्ट करा. नाशवंत माल परत आणायचं विमानभाडं कोण भरणार? त्यांनी नष्ट करणं निवडलं. नुकसान साधारण ५ लाख डॉलर्सचं सांगितलं गेलं.

युरोपचा मार्ग वेगळा आहे. २०१३ मध्ये भारतातून आलेल्या फळं-भाज्यांच्या २०७ खेपांत कीड सापडली, म्हणून १ मे २०१४ पासून युरोपीय संघानं आंबा आणि चार भाज्यांवर बंदी घातली. २०१५ च्या सुरुवातीला आंब्यावरची बंदी उठली. तिकडे जाणाऱ्या आंब्याला आता ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवतात.

द्राक्षांचं प्रकरण मात्र औषधाचंच

२०१० मध्ये युरोपनं भारतीय द्राक्षं अडवली, तेव्हा प्रश्न पहिल्या प्रकारचा होता. वेलीची फाजील वाढ रोखायला वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश सापडले. मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे २० टन द्राक्षांत एक ग्रॅम! विशेष म्हणजे तेव्हा प्लॉटनोंदणी, नमुने, प्रयोगशाळा हे सगळं सांभाळणारी ‘ग्रेपनेट’ ही यंत्रणा सुरू होऊन चार वर्षं झाली होती. पण हे रसायन आपल्याकडच्या तपासणीच्या यादीतच नव्हतं. जे शोधलंच नाही, ते सापडणार कसं? नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना त्याची किंमत मोजावी लागली.

आणि हे फक्त ‘ते’ आपल्याशी वागतात असं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये भारतानं इराणच्या किवीची आयात थांबवली होती. कारण? वारंवार सापडणारी कीड.

अमेरिकेतल्या लेकीकडे जाताना बॅगेत हापूसची पेटी टाकायचा विचार असेल, तर हाच नियम तिथेही लागतो. घरच्या बागेतला असो की देवगडचा, किरणांची नोंद नसलेला ताजा आंबा विमानतळावर काढून घेतात. न सांगता नेला आणि सापडला तर दंडही होतो.