तारेपलीकडून आलेला पाव

'पासपोर्ट टु पिम्लिको' १९४९च्या एप्रिलमध्ये लंडनमध्ये झळकला, त्याला पंचाहत्तर वर्षं उलटून गेली. २०१६पासून या सिनेमाला 'ब्रेक्झिटचं भाकीत' म्हणायची सवयच पडली आहे. मला ते मुळीच मान्य नाही.

सिनेमात लंडनच्या पिम्लिको वस्तीत युद्धातला एक बॉम्ब उशिरा फुटतो. खड्ड्यात खजिना आणि जुनी सनद सापडते आणि ही वस्ती बर्गंडीच्या ड्यूकची ठरते. लोक रेशनकार्डं फाडतात, पबला वेळेचं बंधन उरत नाही. लगोलग काळाबाजारवाले घुसतात, सरकार काटेरी तार ठोकतं, चिडलेले रहिवासी भुयारी रेल्वे थांबवून प्रवाशांचे पासपोर्ट मागतात. पाणी तोडलं जातं. आणि मग बाकीचे लंडनकर तारेवरून खाण्याच्या वस्तू फेकू लागतात. बर्लिनची नाकेबंदी तेव्हा चालूच होती, प्रेक्षकांना वेगळं काही समजावून सांगायची गरज नव्हती. पटकथाकार टी. ई. बी. क्लार्कचा जीव या फेकलेल्या पावात आहे. त्याची माणसं शेवटी परत येतात, नवी रेशनकार्डं आनंदाने हातात घेतात. याला फुटून निघण्याचा सिनेमा कसं म्हणायचं?

मधली साठ-पासष्ट वर्षं तो सुट्टीच्या दुपारी टीव्हीवर बघायचा सिनेमा होता. त्यावर लिहिण्यासारखं फारसं नाही.

मी लंडनमध्ये जगलो ते दशक मात्र विसरता येत नाही. २०१४मध्ये स्कॉटलंडने ५५ विरुद्ध ४५ टक्क्यांनी ब्रिटनमध्येच राहायचं ठरवलं, तोवर सीमेवरचे विनोद सगळ्यांना झेपत होते. २०१६च्या जूनमध्ये युरोपीय संघ सोडण्यावर सार्वमत झालं आणि ते संपले. मी भारतीय पासपोर्टवर, राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून, त्या सार्वमतात मत दिलं. शेजारच्या इटालियन बाईंचं अर्धं आयुष्य आमच्याच गल्लीत गेलेलं, पण त्यांना मताचा अधिकार नव्हता. प्रश्न त्यांच्याच राहण्याचा होता. हा अन्याय मला आजही बोचतो, आणि त्या वेळी त्यावर मूग गिळून बसलेले दोन्ही बाजूंचे पुढारीही.

पुढे संसदेत आयर्लंडच्या सीमेवरून वर्षानुवर्षं घोळ चालला. अखेर २०२१पासून तपासणीची रेघ समुद्रात ओढली गेली, एकाच देशाच्या दोन भागांमधून. आता लंडनच्या दुकानातही दुधावर, मांसावर 'युरोपीय संघासाठी नाही' असं छापलेलं दिसतं. क्लार्कला हे सुचलं असतं तर अतिशयोक्ती म्हणून त्याने खोडलं असतं.

त्या दशकावर २०१९मध्ये टीव्हीवर मोठा चित्रपट आला. बेनेडिक्ट कंबरबॅचने त्यात बाहेर पडण्याच्या मोहिमेचा सूत्रधार रंगवला, आणि उत्तम रंगवला. पण सगळी नजर डावपेच आखणाऱ्यांवर. 'पासपोर्ट टु पिम्लिको'त ईलिंग स्टुडिओने दुकानदार, पोलीस, बँकेचा व्यवस्थापक यांना नायक केलं होतं. त्याच वर्षी आमच्या शेजारणीने स्वतःच्या घरात राहत राहण्यासाठी सरकारकडे अर्ज भरला. तिची गोष्ट अजून कुणी पडद्यावर आणलेली नाही.